उताराच्या गल्लीतली शांतता

“साहेब, आम्ही बाहेर पडायचं कुठून?”

चरावर आडव्या टाकलेल्या फळीच्या पलीकडून हा प्रश्न आला, तेव्हा तो चरात उतरून नव्या पाईपाचा उतार बघत होता. असले प्रश्न त्याला रोज येता-जाता विचारले जात. वर न बघता उत्तर द्यायची त्याला सवयच होऊन गेली होती. फळी टाकलीय, जपून या, लवकरच बुजवतो. सवयीनं तो “फळी टाकलीय” एवढं म्हणालासुद्धा. मग मात्र हातातली पट्टी हातातच राहिली. त्याला साहेब म्हणणारी बाई त्याची बायको होती. ती उंबऱ्यात उभी होती, हाताची घडी घालून, चष्मा कपाळावर सरकवलेला. तो चरात असल्यामुळे त्याला ती फार उंचावर दिसत होती, आणि आपल्या बुटांना चिकटलेला चिखल तिला वरून स्पष्ट दिसत असणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. सगळं गाव त्याला साहेब म्हणायचं. शिपाई, ठेकेदार, नळाला पाणी कमी येतं म्हणून भांडायला येणारे म्हातारे, सगळे. ती कधीच म्हणाली नव्हती. लग्नाआधीपासून ती त्याला अरेतुरे करायची. लग्नानंतर चारचौघांत तरी अहो म्हण, म्हणून तिच्या आईनं कानीकपाळी ओरडून पाहिलं. शेवटी एकदा पाहुण्यांसमोर तिनं “अहो, ऐकलंत का” म्हटलं आणि दोघांना असं हसू फुटलं, की पाहुणे बिचारे आपल्या कपड्यांना काही लागलंय का बघायला लागले. त्या बाईनं आज त्याला साहेब म्हटलं होतं. त्यात टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तो शोधूनही सापडला नाही. तिला खरोखरच बाहेर कसं पडायचं ते विचारायचं होतं.

“आणि दुसरं एक,” ती म्हणाली. “मी इथं लोकांचे कान तपासते.” हे त्याला ठाऊक नसावं अशाच सुरात. “अगदी बारीक आवाज ऐकवायचे असतात. तुमचं ते फोडायचं यंत्र चालू असलं की माणसाला काय ऐकू आलं आणि काय नाही, काही कळत नाही. लोक लांबून येतात, दोन-दोन गाड्या बदलून. त्यांना परत पाठवावं लागतंय.”

“किती वेळ हवा?”

“सकाळचे दोन तास मिळाले तरी पुष्कळ. जमत असेल तर. नसेल तर तसं सांगा, मी गल्ली होईपर्यंत सगळ्यांना नाही म्हणून कळवते.”

“जमेल,” तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण विचार केलेला नाही. ती आत वळली. दार लावलं नाही, नुसतं लोटलं. तो पुन्हा पाईपाकडे वाकला, पण पट्टीवरचे आकडे आता काही केल्या डोक्यात शिरेनात.

गावातले सगळे रस्ते नव्यानं करायचं काम त्याच्याकडे होतं. नव्यानं म्हणजे डांबराचा आणखी एक थर देऊन नव्हे. तेच तर इतकी वर्षं चाललं होतं. खड्डे पडले की थर, निवडणूक आली की थर. असं करता करता रस्ते चढत गेले आणि घरं बुडाली. लोक म्हणायचे, आमची घरं खचली. घरं जागच्या जागी होती, रस्ताच त्यांच्या छातीवर चढून बसला होता. थोडा पाऊस झाला तरी पाणी रस्त्यावरून थेट स्वयंपाकघरात. त्यानं ठरवलं होतं की सगळं खणून काढायचं, जुन्या पातळीला जायचं, खाली पाण्याचे आणि गटाराचे पाईप बदलायचे, मग मुरूम, खडी आणि त्यावर नवा रस्ता. कुठली गल्ली कधी घ्यायची तेही त्यानंच आखलं होतं. कचेरीतल्या भिंतीवरच्या नकाशात झालेले रस्ते तो निळ्या खडूनं रंगवायचा. ती राहायची ती उताराची गल्ली दर वेळी मागं पडत गेली. कारणं चोख होती. आधी मुख्य गटार झालं पाहिजे, आधी वरची टाकी जोडली पाहिजे, शाळेची सुट्टी लागू दे. वरच्या साहेबांनी या कारणांवर एकदाही शंका घेतली नाही. शेवटी सगळा नकाशा निळा झाला आणि मधोमध ती एकच गल्ली पांढरी उरली. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसे त्याचे डोळे सारखे तिथं जायला लागले. तेव्हा त्यानं कागदावर सही केली.

काम ज्याच्या हाताखाली चालायचं त्या मुकादमाला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता, चालत्या यंत्राच्या वर ऐकू जाणारा. दोन तास यंत्रं बंद ठेवायची म्हटल्यावर भोंगा म्हणाला, “साहेब, आणि माणसांनी तेवढा वेळ काय करायचं? एकमेकांची तोंडं बघायची?”

“हातानं करायची कामं करा. खडी निवडा, कडेची माती काढा. फावड्यांचा आवाज मात्र नको.”

“फावडी काय रुमालात गुंडाळू? काम लांबेल, साहेब.”

“लांबू दे.”

भोंग्यानं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा लोटलेल्या दाराकडे. मग, त्याच्या समजुतीप्रमाणे, कानात कुजबुजल्यासारखं विचारलं, “वहिनींचं घर होय?” समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून खाली बघायला लागली. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्यानंसुद्धा खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवसापासून ठरल्या वेळी यंत्रं बंद व्हायला लागली. रस्ता फोडणारा ब्रेकर थांबला की आधी शांतता वाटायचीच नाही. डोक्यात तोच आवाज घुमत राहायचा, बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. मग तो आवाज हळूहळू झिरपून गेला की खालून एकेक गोष्ट वर यायची. उघड्या पाईपातून ठिबकणारं पाणी. कुणाच्या तरी घरात कुकरचं झाकण. कावळ्यांची कावकाव. आणि मग तिच्या खिडकीतून तिचा आवाज. “आवाज आला की बोट वर करा. कितीही बारीक असू दे. आल्यासारखं वाटलं, तरी करा.” प्रत्येकाला तेच सांगायची, पण जणू त्या एकट्यालाच सांगत असल्यासारखं. मग बराच वेळ काहीच नाही, मग “छान”, मग पुन्हा काहीच नाही. तो तिच्या खिडकीजवळ आडव्या पडलेल्या पाईपावर बसून राहायचा. वास्तविक त्या वेळात कचेरीत जाऊन टेबलावरचा ढीग उपसता आला असता. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःला सांगितलं, की शांतता नीट पाळली जाते की नाही हे बघायला कुणीतरी थांबायला हवं. दुसऱ्या दिवशी काही सांगितलं नाही, नुसता जाऊन बसला. तिला काम करताना त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. त्याला ठाऊक असलेली ती घरातली होती. पुस्तक वाचताना केस बोटाभोवती गुंडाळणारी, भांडताना भलत्याच विषयावर जाणारी, झोपेत त्याच्या अंगावरचं पांघरूण सहज ओढून घेणारी. इतक्या धीरानं, माणसाला ऐकू येईपर्यंत थांबणारी ही बाई केव्हा तयार झाली? आपण कुठं होतो तेव्हा?

तो धरणावर होता. नदीकाठच्या उजाड टेकाडावर पत्र्याच्या छपरांची वसाहत होती आणि दिवसभर सुरुंगांचे स्फोट. ती आली होती तिथं त्याच्याबरोबर, राहिली होती काही महिने. वाऱ्यानं दारं आपटायची, बोलायला शेजारपाजार नाही, तो पहाटे निघायचा तो धुळीनं माखून परत यायचा आणि ताटावरच पेंगायचा. मग तिच्या आईला बरं नाहीसं झालं, ती इथं आईच्या घरी आली. आईचं दुखणं लांबलं, तेवढ्यात ज्या कानाच्या डॉक्टरांकडे आईला न्यायची त्यांनी हिलाच हाताखाली घेतलं. काम तिला आवडलं. तो सुट्टीला यायचा. आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग मोठी सुट्टी आली की. भांडण असं झालंच नाही. लोकांना ते सांगूनही खरं वाटायचं नाही. एकदा आला तर त्याच्या चपला दाराजवळ नव्हत्या, माळ्यावर ठेवल्या होत्या, धूळ बसू नये म्हणून कागदात गुंडाळून. तिनं काळजीनंच ठेवल्या होत्या. पण आपल्याच चपला मागून घ्यायला लागल्या की माणूस पाहुणा होतो. मग कुठून कुठं बदल्या झाल्या आणि एक दिवस याच गावात झाली. स्टँडवर उतरल्यावर हातात बॅग घेऊन तो कितीतरी वेळ उभा राहिला. डावीकडे गेलं की उताराची गल्ली. पण ये असं तिनं कुठं म्हटलं होतं? दोन दिवस विश्रामगृहात राहू, तोवर तिला कळेलच, असं म्हणून तो उजवीकडे गेला. तिला कळलं, ते भाजीवालीकडून. ती वाट बघत राहिली की हा येईल, तो वाट बघत राहिला की ही बोलावेल. विश्रामगृह सोडून त्यानं पाण्याच्या टाकीजवळ खोली घेतली, खोलीत शेगडी आली, कपाट आलं. लहान गाव, त्यामुळे भेटी टळत नव्हत्या. बँकेत, औषधाच्या दुकानात, कुणाच्या तरी अंत्ययात्रेत. “बरी आहेस?” “बरी आहे. तू?” आणि पुढं काय बोलायचं ते न सुचून दोघांनी आपापल्या रांगेत पुढं सरकायचं. यात वर्षं जातात. कुणी ठरवत नाही, तरी जातात.

वरच्या साहेबांनी बोलावून विचारलं, की एवढीशी गल्ली, तिला इतका वेळ का लागतोय. तो शांतपणे म्हणाला, “बांधकामं जुनी आहेत. सलग हादरे बसले तर भिंती तडकतील. मधे विश्रांती द्यावी लागते.” साहेबांनी मान डोलावली. बाहेर पडताना त्याला वाटलं, यात खोटं तरी काय आहे.

एकदा शांततेची वेळ संपायला आली असताना ती बाहेर आली. तिच्याबरोबर गल्लीतल्याच निवृत्त मास्तरीणबाई होत्या, कानाला नवं मशीन लावलेलं. फळीवरून त्यांना हात देऊन पलीकडे पोचवलं आणि परत येताना ती त्याच्याजवळ थांबून काहीतरी म्हणाली. त्याच वेळी कोपऱ्यावर डंपर आला. तो म्हणाला, “हो हो.” ती तशीच बघत राहिली. तिनं पुन्हा काहीतरी म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, “हो, हो. नक्की.”

“मी विचारलं, पाण्याची जोडणी आज होणार का उद्या. यावर हो काय? ऐकलंस तरी का?”

ती त्याला ‘तू’ म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नसावं. तो मात्र हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे ती आणखी चिडली.

“तू तोंडाकडे बघून बोलणं ओळखतोस. मघापासून बघतेय. भोंग्याचं तेवढं ऐकू येत असेल, त्याचं शेजारच्या गावालाही येतं. आयुष्य सुरुंगांत आणि यंत्रांत काढलंस, कानात कधी बोळा तरी घातलास का? येऊन तपासून घे.”

“गल्ली होऊ दे.”

“गल्ली झाल्यावर तू येणार नाहीस,” ती म्हणाली, आणि मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून फळीवरून घाईनं आत गेली. खोदलेल्या गल्लीच्या काठावर तो उभा राहिला. भोंगा यंत्र सुरू करायला खुणेनं परवानगी विचारत होता, आणि ती द्यायला त्याला उगीच जड गेलं. त्याला कळून चुकलं की काम संपावं असं आपल्याला वाटत नाही. जन्मभर त्यानं कामं संपवली होती. धरण संपवलं, घाट संपवला, संपलं की सामान बांधून पुढं. आणि आता ही बोटभर गल्ली. खडीचे थर पडत होते, रोलर फिरत होता, आणि प्रत्येक थराबरोबर त्याचं इथं असण्याचं कारण कमी होत होतं. नव्या पातळीला रस्ता आला तसे घरांचे उंबरे सुटून मोकळे झाले, सगळ्यांना पायऱ्या बांधून द्याव्या लागल्या. तिच्या दाराला त्यानं पायऱ्यांबरोबर उतारही करून घेतला, म्हाताऱ्या माणसांना कठडा धरून चढता येईल असा. स्वतः उभा राहून त्याची घसरण हातानं चाचपून बघितली. गवंडी हसून म्हणाला, साहेब, एवढं तर मी माझ्या घरालाही केलं नाही.

शेवटच्या दिवशी यंत्रं गेली. भोंगा हात हलवत गेला, “येतो हो वहिनी” असं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून. संध्याकाळचं ऊन काळ्या ताज्या रस्त्यावर आडवं पडलं होतं. मास्तरीणबाई खास रस्ता बघायला म्हणून बाहेर येऊन फेऱ्या मारत होत्या. तो गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभा राहिला. उजवीकडे गेलं की टाकीजवळची खोली. काम तर झालं होतं. मग तो वळला आणि उतारावरून, कठड्याला हात न लावता, तिच्या दाराशी गेला आणि म्हणाला, “गल्ली झाली.”

ती दारातून बाजूला झाली.

तपासायची खोली म्हणजे जुनी धान्याची खोली होती, आतून जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं, मधे लहानशी काच. तिनं त्याच्या कानांवर जाड हेडफोन चढवला, तेव्हा तिची बोटं त्याच्या कानाला लागली. गार होती. हे तो विसरला होता की तिची बोटं नेहमी गार असतात. दार बंद झालं आणि असली शांतता झाली की त्याला स्वतःचं गिळणं ऐकू यायला लागलं. मग खूप लांबून एक बारीक शीळ. त्यानं बोट वर केलं. काचेपलीकडे तिनं मान खाली घालून काहीतरी टिपलं. शीळ, बोट. शीळ, बोट. मग नुसती वाट बघणं. तिचा हात यंत्राच्या बटणावर हलताना दिसत होता, पण त्याला काही ऐकू येत नव्हतं. ती देत होती, आणि त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. तो जीव कानात गोळा करून बसला. ऐकू यावं अशी इतकी इच्छा त्याला आयुष्यात कधी झाली नव्हती. दोघंही थांबून होते. इतके दिवस बाहेर पाईपावर बसून तो जो धीर ऐकत होता, तोच आता तिच्या चेहऱ्यावर होता.

दार उघडून ती म्हणाली, “बारीक आवाज गेलेत. दोन्ही कानांचे, डावा जास्त. बऱ्याच दिवसांचं आहे. परत येणार नाहीत, पण मशीननं काम भागेल.” मग खोक्यातून एक लहानसं मशीन काढून तिनं त्याच्या डाव्या कानामागे बसवलं, तार आत सारली, काहीतरी फिरवलं. एकदम खोली भरून आली. पंख्याची कुरकुर, तिच्या साडीची सळसळ, आणि तिचा श्वास. तिला थोडी धाप लागलेली होती. ती त्याला आता ऐकू येतेय, हे तिला ठाऊक नव्हतं.

“खोलीत सगळ्यांनाच ऐकू येतं,” ती म्हणाली. “खरी परीक्षा रस्त्यावर. पाठ करून चालत जा. मी दारातून बोलेन, ओरडणार नाही, नेहमीच्या आवाजात. थांबून सांगायचं मी काय म्हणाले ते. सगळ्यांना करायला लावते.”

तो उतारावरून खाली गेला. स्वतःच्या रस्त्यावर स्वतःच्या बुटांचा आवाज त्याला पहिल्यांदा नीट ऐकू आला. डांबर अजून थोडं ऊबदार होतं. थोडं पुढं गेल्यावर मागून आलं, “दूध आणायचंय.”

“दूध आणायचंय,” तो मागं न बघता म्हणाला.

“पुढं जा.” तो गेला. “मास्तरीणबाईंनी रस्त्याला नावं ठेवली नाहीत, म्हणजे रस्ता चांगला आहे.”

त्यानं तेही जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मास्तरीणबाई थबकल्या आणि “मी काय म्हणाले?” असं विचारायला लागल्या. तिनं त्यांना हातानं गप्प केलं असावं. “आणखी पुढं.”

तो गल्लीच्या तोंडाशी पोचला. इथून मोठा रस्ता सुरू होत होता. कोपऱ्यावरून एक सायकल गेली, तिच्या साखळीचा आवाज. मग काही नाही. मागं ती काही बोलत नव्हती. तो थांबून राहिला. त्याला वाटलं, मशीन बंद पडलं. त्याला वाटलं, ती आत गेली. आणि मग आलं, खांद्याशी उभं राहून म्हटल्यासारखं, एकेक अक्षर सुटं, मधल्या श्वासासकट.

“घरी कधी यायचंय तुला?”

तो उभाच राहिला. त्याच्या पायांखाली रस्ता होता, खाली खडी, खाली मुरूम, त्याखाली नवे पाईप, सगळं त्यानं स्वतः बघून घातलेलं, पक्कं. तरी त्याला वाटलं की सगळंच जरासं हललं. त्यानं वळून बघितलं. ती दारात उभी होती, चष्मा हातात घेतलेला, त्यामुळे तिला तो नीट दिसत नसणार.

“ऐकू आलं नाही,” तो मोठ्यानं म्हणाला. “परत म्हण.”

मग ती उंबरा सोडून बाहेर आली, उतारावरून खाली, रस्त्यावर येऊन उभी राहिली, आणि तिनं तेच पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षाही हळू.